सातासमुद्रापलीकडचे पाहुणे

मैत्रिणींनो, हल्ली आपल्या जिल्ह्यातूनही मुलं-मुली शिकायला परदेशी जातात. चिखली, खामगाव, मेहकर, मलकापूर, कुठेही चौकशी करा, एखादं तरी घर सापडेलच. मग वर्ष-दोन वर्षांनी आईवडील लेकीला भेटायला निघतात. पदवीदान बघायचं, चार गावं फिरायची आणि परत यायचं. बॅगेत चटण्या, लोणची, शेवया, मेतकूट! पण ही काही आजची गोष्ट नाही. सव्वाशेपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एका मराठी मुलीकडे अमेरिकेत असेच घरचे पाहुणे आले होते. ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

त्या काळाची कल्पना यावी म्हणून एक सांगते. 1882 साली आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक निघालं. बाईला एक न्याय आणि पुरुषाला दुसरा का, असं ताराबाईंनी बेधडक विचारलं होतं. त्याच्या पुढच्याच वर्षी आनंदीबाई बोटीत बसल्या.

आनंदीबाईंचा जन्म 31 मार्च 1865 चा. माहेरचं नाव यमुना, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव पोस्टात नोकरीला, बिजवर, वयाने कितीतरी मोठा. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा हट्ट, आणि त्या हट्टापायी ते कठोरही वागत. चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर औषधपाणी मिळालं असतं तर, ही सल मनात राहिली आणि डॉक्टर व्हायचं त्यांनी ठरवलं.

अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी गोपाळरावांचा पत्रव्यवहार एका मासिकात वाचला आणि या अनोळखी मुलीला पत्र लिहिलं. त्यातून नातं जुळलं. एप्रिल 1883 मध्ये आनंदीबाई कोलकात्याहून निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा सोबत नव्हता. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटर बाईंच्या घरी त्या राहिल्या आणि त्यांना मावशी मानू लागल्या. म्हणजे आधी त्या स्वतःच पाहुण्या होत्या. पण कशा? नऊवारीत थंडी सोसेना म्हणून साडी गुजराती पद्धतीने नेसायला लागल्या, पण साडी सोडली नाही. मांसाहाराला शिवल्या नाहीत. उलट तिथल्या बायकांनाच आपल्या पद्धतीचा स्वयंपाक करून खाऊ घातला.

पुढे फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला. खास बायकांसाठी 1850 साली निघालेलं हे कॉलेज. तिथल्या डीन रॅचेल बॉडली यांनी या मुलीवर माया केली. पण थंडी, अपुरं अन्न आणि दिवसरात्र अभ्यास याने तब्येत ढासळू लागली. पत्रांतून मात्र गोपाळरावांची बोलणी खावी लागत. कपड्यांवरून, वागण्यावरून इतक्या दूरवरून जाब विचारला जाई.

1885 मध्ये गोपाळराव स्वतःच अमेरिकेत येऊन पोहोचले. दोन वर्षांनी नवराबायकोची भेट! पण हा पाहुणा सोपा नव्हता. ते तिथे जाहीर व्याख्यानं द्यायचे आणि त्यात अमेरिकेच्या रीतीभातींवर आणि ख्रिस्ती धर्मावर सडकून टीका करायचे. ज्या लोकांनी बायकोला घरात घेतलं, तीच माणसं दुखावली जात. एकीकडे नवरा, दुसरीकडे उपकार करणारी माणसं, आणि समोर शेवटच्या वर्षाची परीक्षा. बायांनो, आपल्यापैकी कितीजणींना ही कोंडी ओळखीची वाटेल!

दुसऱ्या पाहुण्या आल्या त्या पंडिता रमाबाई. आनंदीबाईंच्या त्या दूरच्या नातलग. तेव्हा रमाबाई इंग्लंडमध्ये चेल्टनहॅमला शिकत आणि शिकवत होत्या. बॉडलीबाईंचं बोलावणं आलं तशी त्या पाच वर्षांचीही न झालेली मनोरमा बरोबर घेऊन मार्च 1886 मध्ये फिलाडेल्फियाला आल्या. 11 मार्च 1886 ला आनंदीबाईंना डॉक्टर ही पदवी मिळाली. वय अवघं वीस! नवरा समोर, नात्यातली बाई समोर. परक्या देशातल्या त्या सभागृहात माहेर-सासर दोन्हीकडून कोणीतरी होतं म्हणायचं.

रमाबाई आल्या होत्या थोड्या दिवसांसाठी, पण राहिल्या अडीच वर्षांहून जास्त. शाळा, बालवाड्या, बायकांच्या संस्था बघत त्या अमेरिकाभर फिरल्या. त्या प्रवासावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं, ते 1889 मध्ये निघालं. तिथल्या लोकांकडून मदत मिळवून त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ काढलं. तारीख बघा, 11 मार्च 1889. आनंदीबाईंच्या पदवीला त्याच दिवशी तीन वर्षं झाली होती.

ते बघायला आनंदीबाई नव्हत्या. पदवीनंतर बॉस्टनच्या रुग्णालयात थोडे दिवस काम केलं, पण अंगात बळ उरलं नव्हतं. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जागा ठरली होती. 1886 च्या अखेरीस नवराबायको परत आले. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयाने त्या गेल्या. तेव्हा क्षयावर औषधच नव्हतं. बाविसावं वर्षही पुरं झालं नाही. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या गेल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावच्या स्मशानभूमीत त्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या गेल्या. पाहुणी म्हणून गेलेली मुलगी त्या घरची होऊन राहिली.

म्हणून लेकीकडे जाणाऱ्या मैत्रिणींना एवढंच सांगावंसं वाटतं. पदवीचा सोहळा बघा, धबधबे बघा, फोटोही काढा. पण तिची परीक्षा कधी आहे ते विचारून तिकीट काढा. तिला सांभाळणाऱ्या तिथल्या माणसांना भेटा, त्यांचे आभार माना. आणि पहिल्या दिवशी तिच्या स्वयंपाकाला नावं ठेवण्याआधी तिच्या ताटात काय आहे, ती झोपते किती, खोकते का, हे बघा. आज औषध आहे. मात्र दुखणं लक्षात यायला घरचं माणूसच लागतं.