मांजरीच्या पिल्लावरून ओळखले गेलेले सहाबी : हजरत अबू हुरैरा (रजि.)

थंडीचा कडाका वाढला की आपल्या मोहल्ल्यात रोज रात्री एकच चित्र दिसते. जिन्याखाली, दुकानाच्या पायरीवर, नुकत्याच उभ्या केलेल्या गाडीच्या उबेला मांजरीची पिल्लं अंग चोरून बसलेली असतात. कुणी बघून पुढे जातो, कुणी हाकलून देतो. अशा वेळी आम्हाला हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची आठवण येते.

त्यांचे नाव अब्दुर्रहमान बिन सख्र असल्याचे बहुतेक उलेमा सांगतात. पण हे नाव आज किती जणांना ठाऊक आहे? हुरैरा म्हणजे मांजरीचं छोटं पिल्लू, आणि अबू हुरैरा म्हणजे त्या पिल्लाचे वडील. चौदाशे वर्षे जग त्यांना याच नावाने ओळखते.

ते दौस कबिल्याचे. लहानपणीच वडिलांचे छत्र हरपले. घरच्यांच्या शेळ्यामेंढ्या चारत असताना त्यांच्याकडे मांजरीचं एक पिल्लू होतं. दिवसा ते त्याला सोबत नेत, त्याच्याशी खेळत आणि रात्र झाली की एका झाडावर नीट ठेवून देत. पिल्लासाठी वेगळं घर बांधण्याची ऐपत नव्हती, पण रात्री ते कुठे राहील याची काळजी होती. तिर्मिजीमध्ये हे आले आहे.

हिजरी ७, म्हणजे इ.स. ६२८ मध्ये, खैबरच्या मोहिमेच्या वेळी ते प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आले. मदिनेत ना घर, ना धंदा. मस्जिदे नबवीतील सुफ्फा नावाच्या छपराखाली बेघर सहाबी राहत, तिथेच तेही राहिले. भूक असह्य झाली की पोटाला दगड बांधत. कधी चक्कर येऊन मस्जिदीतच कोसळत, आणि लोकांना वाटे, याला झटका आला. एकदा दुधाचा एकच प्याला आला, तेव्हा प्रेषितांनी (स.) आधी सगळ्या सुफ्फावाल्यांना बोलावून आणायला सांगितले. आपल्याला काय उरणार, ही धाकधूक मनात होती, तरी ते गेले. सगळे पोटभर प्याले आणि शेवटी तेही तृप्त झाले.

पुढे हजरत उमर (रजि.) यांच्या काळात ते बहरीनचे गव्हर्नर झाले. त्यांच्या नावे ५३७४ हदीस मोजल्या जातात. मांजरीला कोंडून, उपाशी ठेवून मारणाऱ्या बाईला झालेल्या शिक्षेची हदीस त्यांच्याकडूनही आली आहे, आणि तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाच्या माफीचीही. हिजरी ५९ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. जन्नतुल बकीमध्ये ते दफन आहेत.

स्वतः छपराखाली उपाशी झोपलेल्या या माणसाचं नाव आपण अदबीने घेतो, मुलांनाही सांगतो. मग दारातल्या पिल्लासाठी आपल्याकडे एक कोपरा नसावा?

खर्च काहीच नाही. किराणा दुकानातून एक जाड खोका आणा. मांजर आत शिरेल एवढंच तोंड ठेवा, म्हणजे वारा आत जाणार नाही. खाली दोन विटा ठेवून खोका फरशीपासून उचला, वरून प्लास्टिक बांधा. आत शक्यतो कोरडा पेंढा घाला, कारण कापड ओलं झालं की उब देण्याऐवजी गारठाच वाढवतं. जुनी गोधडीच असेल, तर ती रोज वाळवा. तोंड भिंतीकडे करा, पण ये-जा करायला जागा सोडा. आणि सकाळी गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर दोन थापा मारा. रात्रभर उबेला बसलेलं पिल्लू आत असू शकतं.

शेजाऱ्यांची कुरकुर होईल. त्यांना प्रेमाने समजवा, जागा स्वच्छ ठेवा. आज इशाची नमाज पढून परतताना जिन्याखाली एकदा वाकून बघा.