कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या हर्णे बंदरांत होड्या लागल्या म्हणजे वाळूवर मासळीचा लिलाव भरतो. तेथें मुरलेला व्यापारी मासळीकडे एकदां पाहतो, पण बोली लावणाऱ्याच्या मुद्रेकडे दहा वेळां पाहतो. माणसाची पारख हें व्यापाराचें अर्धें भांडवल होय. चित्रकलेच्या शाळेंतून कारखानदारीकडे वळलेल्या एका पुरुषाच्या अंगीं ही पारख कशी होती, तें येथें सांगावयाचें आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म 1869 सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. वडिलांच्या मनांत नसतां, थोरले बंधु रामूअण्णा यांच्या आधारावर, ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें गेले. परंतु कांहीं रंग आपल्या डोळ्यांना नीट ओळखतां येत नाहींत, असें त्यांना तेथें कळून आलें. केवढी निराशा ती! रंग सुटले, रेषा मात्र राहिली. यांत्रिक आरेखन शिकून ते व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक झाले; पुढें बढती डावलली गेली, तेव्हां नोकरी सोडून बेळगांवीं बंधूंसह धंद्यांत पडले.

तेथें त्यांनीं लोखंडी नांगर तयार केला. लोखंडानें जमीन नासते, अशी त्या वेळीं शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारें दोन वर्षें लागलीं! दुसरा एखादा कारखानदार शेतकऱ्यास अडाणी म्हणून मोकळा झाला असता. पण चित्रकलेच्या विद्यार्थ्याला पहिला धडा हाच मिळतो कीं, समोर जें आहे तें काढावें, आपल्या मनांतलें नव्हे. शेतकऱ्याची ती भीति खरी होती. जमीन हेंच ज्याचें सर्वस्व, तो ती नव्या हत्याराखालीं सहज कशी घालील? लक्ष्मणरावांनीं ना नांगर सोडला, ना धीर.

पुढें बेळगांवची जागा सोडावी लागली. तेव्हां औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं त्यांस कुंडलजवळचा ओसाड माळ दिला. बाळासाहेब स्वतः चित्रकार होते. एका चित्रकारानें दुसऱ्यास ओळखलें, असें म्हणण्याचा मोह होतो. निवडुंग आणि साप यांनीं भरलेल्या त्या माळावर 1910 सालीं किर्लोस्करवाडी वसूं लागली. लक्ष्मणराव 1956 सालीं निवर्तले.

त्या वाडींत रात्रीच्या पहाऱ्याला कोण होतें, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. तुरुंगांतून शिक्षा भोगून आलेलीं माणसें, ज्यांना गांवांत कोणी दाराशीं उभें करीत नसे, त्यांनाच लक्ष्मणरावांनीं राखणदार नेमिलें होतें.