सभासद असावा तर असा : पुणे नगरपालिकेतले जोतीराव फुले

२८ नोव्हेंबर म्हणजे महात्मा फुल्यांचा स्मृतिदिन. गावोगावी फोटोला हार पडतो, मोबाईलवर फोटो निघतात, ग्रुपवर जातात आणि चहा पिऊन माणसं रानात निघून जातात. फुल्यांनी मुलींची शाळा काढली हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. पण ते सहा वर्षं पुणे नगरपालिकेचे सभासद होते, आणि त्या खुर्चीवर बसून त्यांनी काय केलं, हे फार कुणी सांगत नाही. आज तेच सांगायचं आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. वडील गोविंदराव फुलं आणि भाजीपाला विकायचे. मिशनच्या शाळेत शिकून १८४८ साली, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. त्यापायी त्यांना आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. दुसऱ्यानं करावं म्हणून ते कधी वाट बघत बसले नाहीत, ही त्यांची पहिली गोष्ट लक्षात ठेवा.

पोटापाण्यासाठी त्यांनी ठेकेदारीही केली. खडकवासल्याच्या धरणाच्या कामात ते होते. त्यामुळं सरकारी कामात पैसा कुठं मुरतो हे त्यांनी जवळून बघितलं आणि इंजिनीअर खात्यातली खाबूगिरी कुणाची भीडभाड न ठेवता लिहूनही काढली. १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन झाला.

१८७६ साली सरकारनं त्यांना पुणे नगरपालिकेवर सभासद नेमलं. म्हणजे निवडून आलेले नव्हे, सरकारनं बसवलेले. असा माणूस सहसा मान डोलावतो. जोतीराव डोलावणारे नव्हते.

त्याच सुमारास दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला. माणसं जनावरांसकट गावं सोडून निघाली. तेव्हा सत्यशोधक समाजानं धनकवडीला दुष्काळातल्या पोरांसाठी अन्नछत्र उघडलं आणि जोतीरावांनी त्यासाठी लोकांकडं मदत मागितली.

१८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्याला येणार होते. शहर सजवायला नगरपालिकेतून हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. जोतीरावांचं म्हणणं सरळ होतं. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, लोकांची पट्टी कमानी-पताकांना नको. नेमलेले सभासद बत्तीस होते. विरोधात मत पडलं एकच, जोतीरावांचं. बाकीच्यांना कळत नव्हतं असं नाही, पण साहेबाची मर्जी कोण मोडणार?

त्याच वर्षी शहरात दारूची दुकानं वाढू लागली, तेव्हा त्यांनी नगरपालिकेला पत्र लिहून विरोध केला. लोकांचं आरोग्य सांभाळणं ज्या संस्थेचं काम, तिच्या डोळ्यांदेखत घरं बुडत असतील तर तिनं गप्प कसं बसावं, हा त्यांचा सवाल होता. पुढं मोठी मंडई बांधायचं ठरलं. तिथंही ते म्हणाले, एवढा पैसा आधी शिक्षणावर घाला. कुणी ऐकलं नाही. मंडई उभी राहिली. आज तिला महात्मा फुले मंडई म्हणतात. विरोध करणाऱ्याचंच नाव पुढं इमारतीला लागलं.

१८८२ साली हंटर आयोगापुढं त्यांनी निवेदन दिलं. सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून, आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गावर, हा हिशेब त्यांनी मांडला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा अशी मागणी केली. १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. त्यात पाटबंधारे खात्यालाही सोडलं नाही. पाणीपट्टी घेता, मग शेताला वेळेवर पाणी मिळतं का हे कोण बघणार, असा त्याचा रोख होता. नुसती टीका करून थांबले नाहीत. ताली-बंधारे बांधा, रिकाम्या शिपायांना त्या कामाला लावा, हेही सुचवलं.

१८८८ साली इंग्लंडच्या राजपुत्रासाठी पुण्यात मेजवानी झाली. सगळे दागिन्यांत आले, जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले. खरा देश बघायचा तर खेड्यात जा, असं त्यांनी राजपुत्राला तोंडावर सांगितलं. त्याच वर्षी मुंबईत लोकांनी त्यांना महात्मा म्हटलं. पुढं अर्धांगवायू झाला, उजवा हात गेला, तर डाव्या हातानं पुस्तक लिहिलं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

आता आपल्याकडं या. मी ज्या चारीवर शेती करतो, तिचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचत नाही. सगळे खात्याला शिव्या देतात, मीही देतो. पण ज्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा, ती गणपूर्तीअभावी तहकूब होते. नंतर रजिस्टर घरी येतं आणि आपण न वाचता सही ठोकतो. खोटं कशाला बोलू, गेल्या वर्षी मीही तशी सही केली. बत्तिसांतले एकतीस म्हणजे आपणच, तेव्हा मला उमगलं.

पुढारी जबाबदारी टाळतात हे खरंच आहे. पण खाली बसलेला कुणी विचारत नाही, म्हणून त्यांना ते जमतं. यंदा हार घालाच. फक्त हार घालून लगेच उठू नका. रजिस्टर उघडा, मागच्या ठरावाचं काय झालं ते विचारा. विचारणारा एकटा असला तरी चालतं. जोतीरावही एकटेच होते.