नांदेडची गंगा ओलांडणारा जवाहिऱ्या

बँकेत सोनेतारणाचे काम मी कैक वर्षे केले. त्यामुळे असेल, पण जाँ बाप्तिस्त ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याविषयी मला फार कुतूहल. नकाशे विकणाऱ्या बापाच्या पोटी १६०५ साली पॅरिसला जन्मलेल्या या गृहस्थाने पूर्वेकडे सहा सफरी केल्या. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाणारी त्याची वाट औरंगाबाद, अंबड करीत नांदेडला येई. गोदावरीला आपण गंगाच म्हणतो!

पुढे कृष्णाकाठी, कोल्लूरच्या खाणीवर, त्याच्या अंदाजाने ६०,००० माणसे राबत होती. पुरुष खणत, बायका-पोरे माती वाहत. मजुरी तुटपुंजी.

तिथलाच मानला जाणारा एक निळा हिरा त्याने चौदाव्या लुईला विकला. १६६९ मध्ये सरदारकी मिळाली, मग जहागीर घेतली. उतारवयात ती विकली. १६८९ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तो मॉस्कोत वारला.

हिरा १७९२ मध्ये चोरीस गेला, नवे पैलू पडून ‘होप’ झाला आणि १९५८ पासून वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. हिऱ्याच्या प्रत्येक मालकाचे नाव शोधणारे अभ्यासक आहेत. माती वाहणाऱ्या एकाही बाईचे नाव मात्र कुठल्याच वहीत नाही. ही बाकी माझ्या हिशेबी मनाला आजही जुळवता येत नाही.