गोनीदांचा स्पीड

रोज सकाळी तळेगाव स्टेशनला लोकलमधून उतरून वराळ्याच्या कॉलेजकडे धावत सुटणाऱ्यांपैकी किती जणांना माहितीय, की याच तळेगाव दाभाड्यात गो. नी. दांडेकर राहायचे? ‘शितू’, ‘जैत रे जैत’ लिहिणारे गोनीदा. आज त्यांची आठवण काढायची ती मात्र त्यांच्या स्पीडसाठी.

जन्म ८ जुलै १९१६चा, परतवाड्याचा. बारा-तेरा वर्षांचं वय, सातवीची शाळा, आणि स्वातंत्र्यलढ्याच्या ओढीनं पोरगं घरातून पळालं. शाळा तिथंच संपली. पुढे गाडगे महाराजांचा सहवास, वेदान्ताचा अभ्यास आणि नर्मदेची पायी परिक्रमा. परंपरेनं या परिक्रमेला तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस धरतात. आपल्या हिशेबात साडेसहा सेमिस्टर, नुसतं चालणं!

पाय इतके अस्थिर. पण हाच माणूस ज्ञानेश्वरीत रमायचा, राजगडावर पुन्हा पुन्हा जायचा. म्हणजे त्याला थांबता येत नव्हतं असं नाही. थांबायची जागा तो स्वतः निवडत होता.

गोनीदांना एडीएचडी होता, असं इथं म्हणायचं नाहीये. गेलेल्या माणसाचं निदान त्याची पुस्तकं वाचून होत नसतं. पण आज वर्गात एडीएचडी घेऊन बसलेल्यांना ही गोष्ट जवळची वाटेल. त्यांच्यातल्या अनेकांना वेळच वेगळा जाणवतो. किती मिनिटं गेली, कामाला किती लागतील, हा अंदाजच चुकतो. कंटाळवाणं लेक्चर संपता संपत नाही, आवडीच्या कामात रात्र कधी सरली ते कळत नाही. पुढच्या महिन्याचं सबमिशन डोक्यात ‘आत्ता नाही’च्या कप्प्यात पडून राहतं आणि आदल्या रात्री धाडकन अंगावर येतं. घरचे म्हणतात, आळशी आहे. तो आळस नसतो. मानसोपचारतज्ज्ञाकडून तपासून घेता येतं, उपचार असतात. समोर दिसणारा टायमर, कामाचे छोटे तुकडे यांचाही उपयोग होतो.

१९४७ नंतर गोनीदांनी लेखणीवरच पोट भरायचं ठरवलं. घर तळेगावात केलं, पण पाय घरात राहिले नाहीत. किल्ले पालथे घातले आणि मावळ कादंबऱ्यांत आणला. ‘पवनाकाठचा धोंडी’ इथलाच. ‘माचीवरला बुधा’ तर मुंबई सोडून राजमाचीवर परतलेला म्हातारा. तिथं घड्याळ नाही. दिवस उजाडतो आणि मावळतो, एवढंच.

आजच्या बायोडेटात गोनीदांची ती भटकंतीची वर्षं ‘गॅप’ म्हणून दिसली असती. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न त्यावरच आला असता. पण त्याच वर्षांवर त्यांनी ‘स्मरणगाथा’ लिहिली, आणि १९७६चा साहित्य अकादमी पुरस्कार तिलाच मिळाला.

१ जून १९९८ रोजी गोनीदा गेले. राजमाची अजून तिथंच आहे, लोणावळ्याहून चालत जाता येतं. एखाद्या रविवारी जा. किती वेळ लागेल, ते आधी विचारू नका.