मेहली मेहता

मेहली मेहता (२५ सप्टेंबर, १९०८, मुंबई - १९ ऑक्टोबर, २००२, लॉस एंजेलस) हे भारतीय व्हायोलिनवादक व वाद्यवृंदसंचालक होते. विख्यात संगीतसंचालक झुबिन मेहता हे त्यांचे ज्येष्ठ पुत्र. पुत्राच्या कीर्तीपुढे पित्याचे कार्य काहीसे झाकोळले गेले आहे.

मुंबईतील कार्य

पारशी कुटुंबात जन्मलेल्या मेहतांनी व्हायोलिनची विद्या बरीचशी स्वप्रयत्नाने संपादन केली. यशा हायफेट्झ हे त्यांचे आदर्श होते. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. आरंभी बेल्जियन संगीतकार ज्यूल्स क्रेन संचालन करीत व मेहता प्रमुख व्हायोलिनवादक असत. पुढे संचालनाची धुराही त्यांच्याकडे आली. १९४० मध्ये त्यांनी बॉम्बे स्ट्रिंग क्वार्टेट ही चौकडी उभी केली.

एकोणिसाव्या शतकातील रोमँटिक रचनांना मोठा वाद्यवृंद लागतो. ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीत तंतुवाद्यांच्या जोडीला चार हॉर्न, दोन ट्रम्पेट व तीन ट्रोम्बोन आहेत. मुंबईत व्हायोलिनवादक मिळत. पारशी हौशी कलावंत आणि एरवी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणावर उपजीविका करणारे गोमंतकीय वादक त्यांत असत. फुंकवाद्यांची वाण मात्र कायम होती. ती भरून काढण्यासाठी नौदलाच्या बँडमधील वादक बोलवावे लागत. अशा मिश्र मेळाकडून सिंफनी बसवून घेणे हे वादनाइतकेच चिकाटीचे काम होते. या तालमी ऐकतच झुबिन वाढले. तरीही १९५४ मध्ये व्हिएन्नास गेल्यावर कार्ल बोम यांच्या संचालनाखाली ब्राम्सची हीच सिंफनी ऐकली, तेव्हा पूर्ण वाद्यवृंदाचा नाद त्यांना प्रथमच उमगला. मेहतांना मुंबईत काय साधता आले नाही, ते यावरून कळते.

परदेशातील वास्तव्य

१९४५ मध्ये पत्नी तेहमिना व दोन लहान मुलांना मुंबईत ठेवून मेहता न्यूयॉर्कला इव्हान गलामियन यांच्याकडे शिकण्यास गेले आणि काही वर्षांनी परतले. १९५५ मध्ये त्यांनी मुंबई कायमची सोडली. मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात जॉन बार्बिरोली यांच्या हाताखाली, नंतर फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये त्यांनी वादन केले.

१९६४ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी लॉस एंजेलस येथे अमेरिकन यूथ सिंफनी हा तरुण वादकांचा वाद्यवृंद स्थापन केला व तेहतीस वर्षे चालवला. मुंबईत अखेरपर्यंत हाती न लागलेले प्रशिक्षित वादक त्यांनी येथे स्वतःच घडवले. त्यांतील अनेकजण पुढे अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांत दाखल झाले.

त्यांच्या नावाने १९९५ मध्ये मुंबईत स्थापन झालेले मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन मुलांना पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण देते. मुंबईस सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद लाभला तो २००६ मध्ये, मेहतांच्या निधनानंतर चार वर्षांनी.