पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली : एका प्रश्नचिन्हाची गोष्ट



श्रावणातल्या एका रविवारी निसर्ग मंडळाच्या मुलांना घेऊन आम्ही शहराबाहेरच्या तळ्यावर गेलो होतो. काठच्या शिंदीच्या झाडांवर सुगरणींचे खोपे लोंबत होते. पिवळ्याधमक टोपीचे नर सर्वांनीच ओळखले. खाली गवतात मात्र तपकिरी रंगाचे, जाड चोचीचे आणि पाठीवर रेघा असलेले वीस-पंचवीस पक्षी दाणे टिपत होते. बहुतेक मुलांनी वहीत ‘चिमण्या’ असे लिहून टाकले. सातवीतल्या एका मुलीने नुसते प्रश्नचिन्ह काढले. आम्ही तिला घाईघाईने म्हणालो, अगं, रकाना रिकामा ठेवू नकोस, काहीतरी लिही. घरी आल्यावर आमचेच म्हणणे आम्हाला खटकले. कारण या देशातील सर्वांत मोठ्या पक्षितज्ज्ञाचे आयुष्य अशाच एका प्रश्नचिन्हापासून सुरू झाले होते. म्हणून या अंकात डॉ. सालिम अलींचे चरित्र थोडक्यात सांगत आहोत.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आईचेही छत्र हरपले. खेतवाडीत राहणारे मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी या पोरक्या भावंडांना सांभाळले. मामांना शिकारीचा शौक होता. भाच्यालाही छऱ्याची बंदूक मिळाली आणि तो चिमण्या टिपू लागला. त्या काळी कोणाला त्यात काही वावगे वाटत नसे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर मात्र चित्र बदलले, हे मुलांनी ध्यानात ठेवावे.

एके दिवशी टिपलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्याला पिवळा ठिपका दिसला. बाकी सारे रूप चिमणीसारखेच. मग ही चिमणीच की आणखी कोणी? मामांनाही सांगता येईना. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. त्यांनी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी देऊन भाच्याला तिकडे पाठवले. बुजरा मुलगा कागदात गुंडाळलेला पक्षी घेऊन साहेबांसमोर उभा राहिला. मिलार्डांनी पक्षी पाहताच ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी कपाटाचे खण उघडून पेंढा भरलेले पक्षी एकामागून एक दाखवले. चिमणीसारखे दिसणारे इतके निरनिराळे पक्षी असतात हे त्या मुलाला प्रथमच कळले. मिलार्डांनी वाचायला पुस्तकेही दिली. मोठ्यांनी मुलाच्या प्रश्नाला दिलेला एवढासा वेळ किती मोलाचा ठरला, हे पालकांनी जरूर पाहावे.

पुढची वाट सोपी नव्हती. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून सालिम ब्रह्मदेशात कुटुंबाच्या खाणीच्या व लाकडाच्या व्यवसायात गेले. त्यांचे मन मात्र रानातल्या पक्ष्यांतच गुंतलेले असे. १९१७ मध्ये ते मुंबईला परतले आणि सेंट झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकले. १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातील पक्षितज्ज्ञाची जागा त्यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी लागली. तिथून रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन श्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० मध्ये परत येऊन पाहतात तो नोकरीची जागाच रद्द झालेली!

हाती पदवी नाही आणि नोकरीही नाही, अशा अवस्थेत हे दांपत्य मुंबईजवळच्या समुद्रकाठच्या किहीम गावी राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. सालिम अली रोज लपून बसून एकेका पक्ष्याची नोंद ठेवू लागले. आपल्या भाषेत ‘सुगरण’ हा शब्द स्त्रीलिंगी असला, तरी खोपा विणतो तो नर. अर्धा विणलेला खोपा मादी येऊन पारखते. तिला तो पसंत पडला तर ती तिथे संसार थाटते आणि नर तो पुरा करून दुसऱ्या खोप्याच्या मागे लागतो. त्यामुळे एकाच हंगामात एका नराचे अनेक संसार होतात. हे निरीक्षण १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जाणकारांचे लक्ष त्यांच्याकडे वळले.

यानंतरचा भाग आपल्या हैदराबादकरांच्या जिव्हाळ्याचा आहे. सालिम अलींनी संस्थानांपुढे एक प्रस्ताव ठेवला : मुक्कामाचा खर्च तेवढा द्यावा, पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करू. त्यातून १९३१-३२ मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पाहणी झाली. आजचा मराठवाडाही तेव्हा याच संस्थानात होता. तेहमिनाबाई मुक्कामांवर त्यांच्याबरोबर असत. पुढे त्रावणकोर-कोचीन, मध्य भारत, गुजरात अशा पाहण्या झाल्या. १९३९ मध्ये तेहमिनाबाईंचे निधन झाले. तो घाव मोठा होता, पण काम थांबले नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि पक्षी ओळखणे सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. डिलन रिप्ली यांच्यासमवेत लिहिलेला दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९८५ मध्ये त्यांनी आत्मचरित्र लिहिले. त्याच्या नावातही चिमणी आहे. १९८७ मध्ये वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले.

आता पुन्हा तळ्याकाठच्या त्या तपकिरी पक्ष्यांकडे वळू. भारतात सुगरणीच्या चार जाती आहेत. विणीच्या दिवसांत नर ओळखणे जमते. नेहमीच्या सुगरणीच्या नराची छाती पिवळी असते, दुसरीच्या छातीवर रेघा असतात, तिसरीच्या छातीवर काळा पट्टा असतो आणि फिनची सुगरण थोराड असून तिचा नर खालून पूर्ण पिवळा असतो. पण माद्या आणि हिवाळ्यातले नर चिमणीच्या मादीसारखे दिसतात. तेव्हा रंगावर विसंबता येत नाही. चोच किती जाड आहे, शेपूट किती आखूड आहे, छातीवर रेघा आहेत का, आवाज कसा आहे, हे सारे पाहावे लागते. खोपाही साक्ष देतो. नेहमीच्या सुगरणीचा लांब नळीचा खोपा झाडाला लोंबतो, तर रेघांच्या सुगरणीचा खोपा पाणकणसाच्या दाटीत विणलेला असतो.

एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर फिनच्या सुगरणीत आहे. अनेक वर्षे तिचा ठावठिकाणा नव्हता. सालिम अलींनी ती कुमाऊंच्या तराईत पुन्हा शोधली आणि १९५९ मध्ये जॉन क्रुक यांच्यासमवेत तिच्यावर निबंध लिहिला. तराईतील गवताळ प्रदेश घटत गेल्याने आज ती नष्ट होण्याच्या धोक्यात आहे. सगळ्यांनी सगळ्यांनाच नुसते ‘सुगरण’ लिहिले असते, तर त्यांतली एक कमी होत चालली आहे हे कोणाच्या लक्षातही आले नसते. चुकीच्या नावाने भरलेला रकाना रिकाम्या रकान्यापेक्षा अधिक नुकसान करतो.

त्या मुलीची वही आम्ही परत मागवली. प्रश्नचिन्ह तसेच ठेवले आणि शेजारी तिच्याकडून चोच, शेपूट, छाती यांचे वर्णन लिहून घेतले. पुढच्या सहलीपासून निसर्ग मंडळाच्या वहीत ‘ओळख पटली नाही’ असा एक स्वतंत्र रकाना असेल. तो भरणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत, हे आम्ही येथे नमूद करतो.